सालीसकट पेट्या

मोहीम कशासाठी होती, हे एका दमात सांगता येतं. खिंडीपलीकडच्या दरीत जायचं, तिथल्या पांढरसालींचं ताजं बी उतरवायचं आणि ते जिवंत परत आणायचं. बस्स! पण पांढरसालीचं बी म्हणजे मोठं नखरेल प्रकरण. वाळलं की मेलं, उबलं की कुजलं. मागच्या वर्षी एक तुकडी पत्र्याच्या डब्यांत बी भरून घेऊन आली होती. प्रयोगशाळेत झाकणं उघडली, तर आत नुसता आंबट चिखल.

एवढ्या लांबून बी आणायचं, कारण खिंडीच्या अलीकडे एखाददुसरं झाड सोडलं तर पांढरसाल उरलीच नव्हती. अकरा वर्षांत एका किड्याने सगळी संपवली होती. किडा केवढा, तर करंगळीच्या नखाएवढा! हिरवा, चकचकीत, कुणालाही कौतुक वाटावं असा. त्याची मादी सालीच्या भेगांत अंडी घालते, अळी आत शिरून सालीखाली नागमोडी बोगदे कोरत सुटते, झाडाचं पाणी वर चढायचं थांबतं आणि शंभर वर्षांचं झाड तीन वर्षांत उभ्या उभ्या वाळून जातं. शाळेभोवतीची गेली, दवाखान्यासमोरची गेली, नदीकाठची तर रांगच्या रांग गेली. रस्त्यांवर आता नुसती खोडकं होती, आणि म्हातारी माणसं त्यांच्यावर बसून सावलीच्या गोष्टी करत.

हा किडा आला कुठून, तेही गावाला पाठ होतं. वखारीतून!

वखारवाल्याने एका कारखान्यातून परदेशी यंत्रांची मोठी लाकडी खोकी उचलली होती. ती फोडून फळ्या अंगणात रचल्या, आणि पुढच्याच वर्षी वखारीच्या फाटकासमोरची पांढरसाल शेंड्यापासून वाळायला लागली. खोक्याच्या फळीतून परका किडा येतो, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. पण लोकांना बोट दाखवायला एक माणूस लागतो. तो सापडला, आणि मग गावाने बोट खाली म्हणून घेतलं नाही.

लोकांचं एक वेळ चालून गेलं असतं. पण ते शास्त्रीय पुराव्यानिशी कागदावर लिहिलं कुणी, तर त्याच्या पोटच्या मुलीने. कीटकशास्त्र शिकून ती वनखात्याच्या प्रयोगशाळेत लागली, आणि तिच्या पहिल्याच अहवालात पहिल्याच पानावर होतं: प्रादुर्भावाचं मूळ, स्टेशनमागची लाकडाची वखार. बापाने तो अहवाल वाचलासुद्धा नाही. फाडला, चुलीत घातला, आणि त्या दिवसापासून घरातलं बोलणं संपलं. आई होती तोवर निरोप तिच्यामार्फत जायचे. ती गेल्यावर तेही बंद झाले. सात वर्षं एका छपराखाली बापलेक "दार लावून घे" आणि "दिवा घालव" एवढ्यावर जगत होते.

मग डब्यांतलं बी कुजल्याची बातमी आली, आणि वखारवाल्याला आजोबा आठवले. आजोबा खिंडीपलीकडून रोपवाटिकेसाठी बी आणायचे ते पांढरसालीच्याच पेट्यांतून. फळ्या सालीसकट कापायच्या, साल बाहेरच्या अंगाला ठेवायची, आत ओलं शेवाळ भरायचं. साल पाणी धरून ठेवते, ऊब आत येऊ देत नाही, आणि बी महिनाभर झोपून राहतं. हे पेटीचं कसब आता त्याच्याशिवाय कुणाला येत नव्हतं. तो उठला, धुतलेला सदरा घातला आणि एका दुपारी थेट प्रयोगशाळेत मुलीच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला. टेबलावर किड्यांच्या बाटल्या होत्या, भिंग होतं, स्पिरिटचा वास होता. बोलायची सवय गेलेल्या माणसाने अडखळत अडखळत सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. लाकूड दरीत न्यायचं, तर ते चोवीस तास पूर्ण आचेवर भट्टीत भाजलेलं पाहिजे.

त्याने वखारीमागची शेवटची हिरवी पांढरसाल स्वतःच्या हाताने पाडली. तिच्या शेंड्याच्या दोन फांद्या वाळल्या होत्या, पण ते वाऱ्याने झालं असेल, अशी त्याने स्वतःची समजूत काढली. सहा पेट्यांच्या फळ्या भट्टीत चढल्या. सहा तास झाले आणि साल कडांनी उचलायला लागली! आणखी तासाभरात ती गळून पडली असती, आणि सालीवाचून ती पेटी कसली, नुसतं खोकं. त्याने भट्टीचं दार उघडलं आणि फळ्या बाहेर काढल्या.

सरळ सांगायचं तर तो खोटं बोलला. मुलगी पेट्या बघायला वखारीत आली. त्या सालीवरून हात फिरवून तिने विचारलं, "चोवीस तास झाले ना, बाबा?" सात वर्षांत पहिल्यांदा तिने बाबा म्हटलं होतं. तो म्हणाला, "झाले." भट्टीला तापमानाची रेघ ओढणारी कागदाची पट्टी असते, ती तिने मागितली नाही. परवान्यावर सही केली आणि निघून गेली.

मोहिमेत चौघं होती. बापलेक सोडून एक झाडावर चढणारा, ज्याला सगळे खार म्हणत. चाळिशीचा, काटकुळा, डाव्या हाताची दोन बोटं करवतीत गेलेली, आणि तोंड मात्र अखंड चालू. दुसरी खेचरवाली मावशी. साठी उलटलेली, तीन खेचरांची मालकीण, त्या वाटेवरचा दगड न् दगड ओळखणारी. मावशी माणसांशी मोजकं बोलायची आणि खेचरांशी भरपूर. निघण्याआधी किडबाईंनी, म्हणजे वखारवाल्याच्या मुलीने, सगळ्यांचे बूट, दोर, तंबू घासूनपुसून तपासले. खारीच्या खिशातली लाकडी कंगवीसुद्धा काढून घेतली. खार म्हणाला, बाई, आता माझ्या डोक्यातल्या उवांनाही परवाना लागेल. ती हसली नाही. पेट्या ओल्या गोणपाटात शिवून घट्ट बांधल्या होत्या. त्यांना भट्टी लागलेली होती, म्हणून त्या कुणी तपासल्या नाहीत.

पहिले दोन दिवस मेलेल्या झाडांतून गेले. डोंगरच्या डोंगर करडे पडलेले! वारा आला की वाळकी साल चटाचट सुटून खाली यायची. खारीचंही तोंड बंद झालं होतं. वखारवाला खाली मान घालून खेचराच्या मागून चालत होता. प्रत्येक खोड आपल्याकडे बघतंय असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटण्यात त्याची काही चूक नव्हती.

तिसऱ्या दिवशी नदी आडवी आली. वर कुठेतरी पाऊस झाला असावा. जिथे मावशी दर वर्षी घोटाभर पाण्यातून जायची, तिथे पाणी कमरेला लागत होतं आणि धार गढूळ, जोरदार. थांबावं तर दिवस हातातून जातात. मावशीने दोर पलीकडे नेऊन बांधला आणि खेचरं एकेक करून उतरवली. पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसरं मधोमध पोहोचलं आणि त्याचा पाय दगडावरून घसरला!

खेचर कसंबसं सावरलं, पण खोगिराचा पट्टा तुटला. एक पेटी पाण्यात पडली, गोल फिरली आणि वाहायला लागली. खार ओरडला. मावशी ओरडली. वखारवाल्याने कुणाचंच ऐकलं नाही. त्याने उडी घेतली!

पाण्याने त्याला उचललं. दगडावर आपटलं. नाकातोंडात गाळ गेला. एकदा तो दिसेनासा झाला, मग वीसेक हातांवर डोकं वर आलं. एका हाताने त्याने बुडालेल्या फांदीला धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने पेटी छातीशी कवटाळली होती. पेटी सोडा, फांदी दोन्ही हातांनी धरा, असं मुलगी काठावरून जीव खाऊन सांगत होती. त्याने पेटी सोडली नाही. खारीने दोर टाकला, तिघांनी ओढला आणि अठ्ठावन्न वर्षांचा माणूस मेलेल्या माशासारखा वाळूवर येऊन पडला.

मुलीने त्याचे ओले कपडे उतरवले, स्वतःचा लोकरी डगला त्याच्या अंगावर घातला आणि त्याचे तळहात चोळत बसली. चोळता चोळता रडत होती आणि रागावतही होती, की एका पेटीसाठी कुणी जीव देतं का. त्याचे दात वाजत होते, पण आत कुठेतरी इतकं गोड वाटत होतं की आणखी दोनदा बुडायची त्याची तयारी होती. त्या वाचवलेल्या पेटीवर चार आकडा होता. तो आकडा लक्षात राहू द्या.

सहाव्या दिवशी खिंड चढताना वरून दगड सुटले. लहान, मोठे, कसेही! मावशीने खेचरं कड्याला चिकटवली. बाकीचे पालथे पडले. एक दगड खारीच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडलं नाही एवढंच. पुढे दोन दिवस तो खांदा आणि त्याच्या जिभेवरच्या शिव्या दोन्ही सुजलेल्या होत्या.

आणि आठव्या दिवशी दरी आली.

खिंडीतून खाली उतरताना आधी आवाज ऐकू आला. पांढरसालीच्या पानांचा आवाज. चौघंही थांबली, कारण गावाकडे कित्येक वर्षांत तो कुणी ऐकला नव्हता. खाली दूरवर पांढऱ्या खोडांचं जंगल उभं होतं, दाट, हिरवंगार, एकही शेंडा वाळलेला नाही. कडेच्या मोकळ्या जागेत एक प्रचंड झाड होतं, चौघांच्या हातांनीही कवेत येणार नाही असं. मावशीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या त्याला थोरली म्हणत आले होते. खारीने डोक्यावरची टोपी काढली आणि पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही. वखारवाल्याने थोरलीच्या खोडाला तळहात लावला आणि त्याला हुंदका आवरेना. आपल्या हातून काय गेलं ते त्याला त्या क्षणी पुरतं कळलं.

थोरलीच्या जवळच तंबू ठोकले. खार एका खांद्यावर वर चढायचा, घोस कापून दोराने खाली सोडायचा, बाकीचे बी निवडायचे. दोन दिवसांत चार हजारांवर बी निघालं, टपोरं, जड. नवव्या दिवशी संध्याकाळी पेट्यांवरचं गोणपाट उसवलं, आत शेवाळ भरलं, बी रचलं, आणि पेट्यांवर ताडपत्री टाकून ठेवली. मुलगी म्हणाली, बाबा, हे जगलं तर वखारीसमोर पहिलं रोप लावू. तो त्या रात्री लहान मुलासारखा झोपला.

दहाव्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी उठला. गारठा होता, ऊन अजून कड्यापलीकडेच होतं. पेट्यांची झाकणं नीट बसली का ते बघायला त्याने ताडपत्री उचलली. चार नंबरच्या पेटीच्या सालीवर एक भोक होतं. औषधाची गोळी मधोमध मोडावी तसं, एक बाजू सपाट, एक बाजू गोल. कडेला ताजा पांढरा भुसा.

हे भोक त्याने अकरा वर्षांत लाखो झाडांवर पाहिलं होतं. झोपेत दाखवलं असतं तरी ओळखलं असतं. खेचरांच्या अंगाची ऊब, ओलं गोणपाट, आठ दिवस! आत अर्धवट भाजलेल्या अळ्यांतल्या काही जगल्या, वाढल्या आणि पंख फुटून बाहेर पडल्या. जी पेटी त्याने जिवावर उदार होऊन वाचवली, तीच!

खरं ते सगळं सांगायचं, तर हेही सांगायला हवं. त्याने आधी बोटाने चिखल उचलला आणि ते भोक लिंपलं. कुणी बघितलं नव्हतं. आज पेट्या बांधून निघायचंच होतं. बी पोहोचलं असतं, गावाने त्याला माफ केलं असतं, मुलगी पुन्हा बाबा म्हणाली असती. लिंपलेल्या जागेवर अंगठा दाबून तो किती वेळ उभा होता, ते त्यालाही सांगता येत नाही. मग वर थोरलीची पानं वाजली. त्याने नखाने चिखल खरवडून काढला आणि मुलीच्या तंबूपाशी जाऊन तिला हाक मारली.

ती आली, वाकली, पाहिलं. तिचा चेहरा कोरा झाला.

"चोवीस तास दिले होते ना?"

"सहा," तो म्हणाला. "साल सुटत होती."

ती त्याच्याकडे बघत राहिली. शिवी दिली असती, हात उगारला असता, तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त कड्याकडे पाहिलं. गारठ्यात हा किडा उडत नाही. अंगावर ऊन पडलं की उडतो. ऊन तळावर यायला दोन तास होते.

मग पळापळ सुरू झाली! सालीच्या पेट्यांवरची भोकं मोजली. चार नंबरवर पाच, दोन नंबरवर दोन. सात भोकं म्हणजे सात किडे. गोणपाट काल संध्याकाळपर्यंत शाबूत होतं आणि भुसा ताजा होता, म्हणजे सातही जण इथेच, याच तळावर बाहेर पडले होते. ताडपत्रीच्या घडीत तीन सापडले, गारठून निपचित. चौथा पेटीखाली. पाचवा खारीच्या बुटात, तेव्हा खार आयुष्यात पहिल्यांदा भीतीने पांढरा पडला. सहावा मावशीने खेचराच्या आयाळीतून काढला. सातवा? गवत उपटलं. दगड उलटले. तंबू झटकले. चौघं गुडघ्यांवर रांगत होती आणि उन्हाची कड एकेक हात खाली सरकत होती. ऊन आलं. सातवा सापडला नाही.

पेट्या तिथल्या तिथे जाळल्या. वखारवाल्याने आपल्या हाताने एकेक फळी आगीत टाकली, आणि सालीखालच्या आणखी चौदा अळ्या तडतडून फुटल्याचं ऐकलं. बी गोणपाटावर ओतून ठेवलं होतं. पेट्यांशिवाय ते घरी जिवंत पोहोचणार नाही, हे कुणाला सांगायला लागलं नाही.

मुलगी आता त्याच्याशी बोलत नव्हती, सगळ्यांशी मिळून बोलत होती. तिने सांगितलं की एक उपाय आहे. हा किडा जखमी झाडाच्या वासावर येतो. तळाजवळच्या, भरपूर ऊन लागणाऱ्या एका मोठ्या झाडाची साल कमरेच्या उंचीवर, हातभर रुंद, खोडाला वळसा घालून काढायची आणि वाट बघायची. ते झाड मरेल. पण सातवा त्याच्यावर आला, तर बाकीचं जंगल वाचेल. तळाजवळचं, उन्हातलं, मोठं झाड तिथे एकच होतं. मावशी उठून खेचरांकडे निघून गेली, कारण तिला ते बघवणार नव्हतं.

थोरलीची साल वखारवाल्याने काढली. दुसऱ्या कुणाला कोयता धरू दिला नाही. आयुष्यभर त्याने मेलेली लाकडं कापली होती. जिवंत झाड सोलताना ओला रस मनगटावरून कोपरापर्यंत आला.

अकरावा दिवस गेला, बारावा गेला. चौघं आळीपाळीने डोळ्यांत तेल घालून खोडाकडे बघत होती. शिधा संपत आला, खिंडीवर ढग उतरायला लागले. मावशीने स्पष्ट सांगितलं, परवा निघालो नाही तर बर्फ पडेल आणि मग वसंतातच निघू, तेही निघालो तर. खार म्हणाला, तोवर मला खाऊ नका, मी कडू आहे. कुणी हसलं नाही तरी त्याने ते म्हटलं म्हणून बरं वाटलं.

तेराव्या दिवशी दुपारी मुलीने दुर्बीण डोळ्यांवरून न काढता हात वर केला.

तीस हातांवर, पहिल्या फांदीच्या बेचक्याखाली, उन्हात एक हिरवा ठिपका!

खार उठला, पण दोन दिवस चढून पुन्हा दुखावलेला खांदा कानापर्यंत वर जाईना. वखारवाल्याने त्याच्या कमरेचा पट्टा सोडवून आपल्या कमरेला बांधला. तरुणपणी तो चढायचा. त्याला आता पंचवीस वर्षं झाली होती. खारीने आणि मावशीने वरच्या फांदीवरून सोडलेला दोर खालून ताणला. तो चढायला लागला. गुडघे वाजत होते, श्वास फुलला होता. खालून मुलीचा आवाज आला, अगदी हळू, लहान मुलाला चालायला शिकवावं तसा: सावली पडू देऊ नका. डावीकडून जा. आता थांबा.

तो थांबला. किडा हातभर अंतरावर होता. पोटाचं टोक भेगेत घालून बसलेला. मादी! तिने पंख हलवले. वेळ नव्हता. त्याने झेप घेतली.

मूठ मिटली आणि पाय सुटले!

दोन पुरुष उंचीएवढा तो खाली आला, दोराला हिसका बसला आणि त्याची बाजू खोडावर आदळली. बरगडी मोडल्याचा आवाज खालीही ऐकू आला. दोर धरा, दुसऱ्या हाताने दोर धरा, असं सगळे सांगत होते. दोर धरायला मूठ उघडावी लागली असती. त्याने ती उघडली नाही. तसाच लटकत, वेदनेने कण्हत तो खाली आला, आणि मुलीने बाटलीचं तोंड त्याच्या मुठीला लावल्यावरच बोटं सैल केली.

सातवा मिळाला. पण तिने अंडी घातली होती का? किती, कुठे? ते भिंगातूनही सांगता येणार नव्हतं. म्हणून थोरली पाडून जाळायचीच होती. बापाला उठता येत नव्हतं. खाच कुठे घ्यायची, पाचर कधी मारायची, ते त्याने बसून सांगितलं, आणि लहानपणी वखारीतल्या ओंडक्यांवर बसून वर्तुळं मोजणाऱ्या मुलीने खारीबरोबर सामानातली करवत ओढली. झाड पडलं तेव्हा दरी हादरली. फांद्यांसकट, सालीसकट सगळं जाळायला रात्र आणि पुढचा अर्धा दिवस लागला. मग त्या राखेभोवती चौघांनी मिळून ते चार हजार बी पेरलं. न्यायला आले होते ते सगळं तिथेच ठेवून, रिकाम्या खोगिरांनी, पहिला बर्फ अंगावर घेत त्यांनी खिंड ओलांडली. मावशीने खेचरावर बसवून त्याला आणलं, आणि वाटेत एकदाही त्याच्याशी बोलली नाही.

गावात लोक वखारीच्या फाटकापाशी जमले होते. रिकामी खेचरं पाहिली आणि कुणीतरी मोठ्याने म्हणालं, हा गेला होता ना बरोबर, मग दुसरं काय होणार! वखारवाला खेचरावरून उतरला आणि बरगडी धरून आत गेला.

आठवड्याने छातीला पट्टा बांधून तो प्रयोगशाळेत गेला. तेच टेबल, त्याच बाटल्या. एका बाटलीत ते सात होते. त्याने खिशातून भट्टीची पट्टी काढून तिच्यापुढे ठेवली. सहाव्या तासाला रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली आली होती.

"मी तुला फसवलं, असं लिही," तो म्हणाला.

"लिहिलंय. पहिल्याच पानावर." तिने पट्टी अहवालाला टाचली. मग परवान्याची प्रत पुढे ओढली. एका रकान्यात छापलं होतं, 'भट्टीची पट्टी पाहिली', आणि त्यापुढे तिच्या अक्षरात 'होय' होतं. "पट्टी मी मागितलीच नव्हती. मागितली असती तर तुम्हाला वाटलं असतं, हिचा अजून विश्वास नाही. सात वर्षांनी तुम्ही माझ्याशी बोलत होतात, बाबा."

तो घाईघाईने म्हणाला की ते लिहायची काही गरज नाही, दोष सगळा माझ्यावर घाल, मला आता काय फरक पडतो. तिने 'होय' खोडलं, 'नाही' लिहिलं आणि खाली सही केली. त्या सहीनंतर तिला या खोलीत कुणी ठेवणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. दरीत आता पाच वर्षं कुणालाच सोडणार नव्हते. तिथे अंडं राहिलं की नाही, बी रुजलं की नाही, ते तोवर कळायचं नव्हतं.

तिने अहवाल त्याच्याकडे सरकवला. त्याने चष्मा लावला आणि वाचायला घेतला. सगळी चौदा पानं, एक ओळ न सोडता. तिने दोनदा पाणी प्यायलं, बाटल्या पुसल्या, खिडकी उघडली आणि लावली.

"बरोबर आहे," शेवटी तो म्हणाला. "सगळं बरोबर लिहिलंयस." आणि मग चष्मा काढून, "पहिलाही बरोबर होता."

नदीकाठी रडलेली ही मुलगी दरीत एकदाही रडली नव्हती. तिने आता टेबलावर डोकं टेकलं. तो उठून तिच्यामागे उभा राहिला, हात ठेवावा की नाही ते त्याला कळेना, म्हणून तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, खोलीची किल्ली जुडग्यातून काढून अहवालावर ठेवली आणि त्याचा हात धरून त्याला जिना उतरायला मदत केली.